विसरण्याची सोय

आजचा विषय वरवर पाहिला तर अगदी किरकोळ आहे. डेस्कटॉपच्या कॅबिनेटचं झाकण काढलं की मदरबोर्डवर नाण्यासारखी एक चपटी बॅटरी दिसते. तिच्या आसपास कुठेतरी तीन बारीक पिना असतात आणि त्यातल्या दोन पिनांवर प्लॅस्टिकची एक इवलीशी टोपी बसवलेली असते. हा जम्पर. ओव्हरक्लॉकिंग करताना गडबड झाली, मशीन सुरूच होईना, की प्रत्येक जाणकार मित्र एकच सल्ला देतो: "अरे, सीमॉस क्लिअर कर." मग टोपी इकडची तिकडे करायची, पाच-दहा सेकंद थांबायचं, पुन्हा जागेवर लावायची, आणि मशीन जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतं. पुनश्च हरिओम!

हा उपाय इतका सरावाचा झालाय की तो नेमका कशामुळे चालतो हे सहसा कोणी विचारत नाही. मला मात्र या टोपीमागची गोष्ट फार आवडते. कॉम्प्युटरला सेटिंग्ज लक्षात ठेवायला शिकवलं, आणि त्यापाठोपाठ त्याला विसरायलाही शिकवावं लागलं, अशी ती गोष्ट आहे. आणि ही विसरण्याची सोय गेल्या पंधरा-एक वर्षांत हळूहळू आपल्या हातून निसटत चालली आहे.

आधी पेच काय आहे ते बघू. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या फ्रीक्वेन्सीपेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर किंवा मेमरी पळवणं. कंपनी चिप विकताना थोडं हातचं राखून आकडा छापते, कारण उन्हाळा, धूळ, स्वस्तातला एसएमपीएस अशा सगळ्या परिस्थितीत ती चालली पाहिजे. ही राखीव कुवत वापरून घ्यायची, एवढंच ओव्हरक्लॉकिंगचं तत्त्व. पण हाव जास्त झाली की काय होतं? पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळी ती काळीच.

कारण असं. बटण दाबलं की प्रोसेसर आपली पहिली सूचना बायोसच्या चिपमधून वाचतो. बायोस आपण साठवलेली सेटिंग्ज बघतो आणि त्याप्रमाणे फ्रीक्वेन्सी, व्होल्टेज, मेमरीचं टायमिंग लावतो. स्क्रीनवर काहीतरी दिसणं ही त्यानंतरची पायरी. आता आपण घातलेला आकडा प्रोसेसरला झेपणारा नसेल तर तो तिथेच गोठतो. आकडा बदलायचा तर बायोसचा स्क्रीन हवा, स्क्रीन हवा तर प्रोसेसर चालायला हवा, आणि प्रोसेसर चालायचा तर आकडा बदलायला हवा. थोडक्यात काय, तर कपाटाला कुलूप आणि चावी कपाटात.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या पीसींमध्ये हा पेच नव्हताच. आयबीएमने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ला जाहीर केला. इंटेल ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झ. या मशीनला सेटिंग्ज लक्षात ठेवायची गरजच पडत नसे. फ्लॉपी ड्राइव्ह किती, मेमरी किती, डिस्प्ले कुठल्या प्रकारचा, हे सगळं बोर्डावरच्या बारक्या स्विचांवरून ठरायचं. आठ-आठ स्विचांच्या दोन पट्ट्या. पेनाच्या टोकाने स्विच खालीवर करायचा, झालं. चुकलं तर झाकण उघडून बघायचं आणि परत फिरवायचं. मशीन बंद असो, बिघडलेलं असो, स्विचची अवस्था डोळ्यांना दिसायची. सेटिंग ही एक वस्तू होती.

१९८४च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पीसी एटी आणला आणि हे चित्र बदललं. हार्ड डिस्क आली, तिचे वेगवेगळे प्रकार आले, मेमरी वाढली. इतकी माहिती स्विचांवर मावणार कशी? शिवाय जुन्या मशीनला तारीख-वेळही आठवत नसे, रोज सुरू केल्यावर डॉस आपल्यालाच विचारायचं. या दोन्ही अडचणींवर आयबीएमने एकच उतारा काढला: मोटोरोलाची एमसी १४६८१८ नावाची घड्याळाची चिप. तिच्यात ६४ बाइटची इवलीशी मेमरी होती. त्यातले १४ बाइट घड्याळासाठी आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेले ५० बाइट मोकळे. त्या ५० बाइटांत अख्ख्या मशीनचं कॉन्फिगरेशन!

मशीन बंद असतानाही घड्याळ चालू राहायला हवं म्हणून सोबत बॅटरी. आणि बॅटरीवर वर्षानुवर्षं चालायचं तर चिपने वीज अगदी कंजूषपणे वापरायला हवी. इथे कामाला आलं ते सीमॉस तंत्र. फेअरचाइल्डमध्ये काम करणाऱ्या फ्रँक वॉनलास यांनी १९६३ साली मांडलेली ही कल्पना. यात ट्रान्झिस्टर जोडीने बसवतात आणि एक चालू असताना दुसरा बंद असतो, त्यामुळे काही बदल होत नसताना जवळजवळ वीजच वाहत नाही. त्या काळी हे तंत्र संथ पण काटकसरी म्हणून ओळखलं जायचं. त्या मेमरीला लोक 'सीमॉस' म्हणू लागले आणि तेच नाव कायमचं चिकटलं. आज प्रोसेसरपासून मोबाइलपर्यंत जवळजवळ सगळ्या चिपा सीमॉस तंत्रानेच बनतात, पण 'सीमॉस क्लिअर कर' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येते ती फक्त ही चिमूटभर मेमरी.

ओव्हरक्लॉकिंगची एक जुनी कथाही याच एटीची आहे. एटीमधला २८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्याला ताल द्यायला बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता (हा प्रोसेसर आलेल्या तालाचे दोन भाग करतो). हौशी लोकांनी तो काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला. मशीन ८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे तेहतीस टक्के जास्त वेगाने पळायला लागलं, खर्च फक्त एका क्रिस्टलचा. आयबीएमला हे रुचलं नसावं, कारण नंतरच्या बायोसमध्ये त्यांनी वेग तपासणारा कोड घातला. मशीन ठरल्यापेक्षा जोरात पळतंय असं दिसलं की ते सुरूच होईना. पुढे १९८६मध्ये आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला ती गोष्ट वेगळी! सांगायचा मुद्दा, तेव्हाही उपाय सोपा होता: नवा क्रिस्टल काढा, जुना लावा. बदल हाताने केला तर तो हातानेच मागे घेता येतो.

आता विसरण्याकडे येऊ. बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीची एक उघड भीती होती: बॅटरी संपली तर? त्या ५० बाइटांत काहीही कचरा शिल्लक राहील आणि मशीन तोच खरा मानून चालेल. म्हणून एटीच्या बायोसमध्ये एक साधी तपासणी होती. सेटिंग्जच्या ३० बाइटांची बेरीज करायची आणि ती पुढच्या दोन बाइटांत लिहून ठेवायची. दर वेळी सुरू होताना पुन्हा बेरीज करायची आणि ताळा जमतो का ते बघायचं. किराणा दुकानदार दिवसाअखेरी गल्ला मोजतो तसंच. पुढे बायोसमध्येच सेटअपचा स्क्रीन आला, आणि ताळा जमला नाही की साठवलेल्या एकाही आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतःच्या रॉममध्ये कोरलेली मूळ सेटिंग्ज लावायची अशी पद्धत पडली. 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' हा संदेश ज्यांनी पाहिलाय त्यांनी हा हिशोब पाहिलाय.

माझ्या मते हा पीसीच्या इतिहासातला एक फार शहाणा निर्णय होता. बदलता येणारी सेटिंग्ज एका जागी, न बदलणारी मूळ सेटिंग्ज दुसऱ्या जागी, आणि पहिल्यांबद्दल जराही शंका आली तर दुसरी वापरायची. बॅटरी संपण्याच्या भीतीतून आलेली ही तजवीज. पण तिचा एक फायदा आपोआप मिळाला: मुद्दाम मेमरीची वीज तोडली, तर मशीन मूळपदावर येतं. आणि त्यासाठी प्रोसेसर चालू असायची गरज नाही!

या फायद्याची किंमत लगेच कळली नाही. मधल्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर रिचार्ज होणारी निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची. ती काही वर्षांनी गळायची आणि बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकायची. जुनी मशीन जमवणारे लोक आजही सगळ्यात आधी ती बॅटरी कापून काढतात. डॅलस सेमीकंडक्टरने दुसरंच टोक गाठलं. त्यांच्या डीएस १२८७ या चिपमध्ये लिथियमची बॅटरी आतच बंदिस्त होती, दहा वर्षांहून जास्त चालेल या हिशोबाने. बॅटरी काढायची सोयच नाही, म्हणजे विसरायचीही सोय नाही. मग त्याच चिपची एक सुधारित आवृत्ती निघाली, डीएस १२८७ए, आणि तिला एक जादा पिन दिली. काम एकच: मोकळ्या ५० बाइटांची पाटी कोरी करणं, घड्याळाला हात न लावता. विसरण्यासाठी खास वेगळी पिन!

इकडे ओव्हरक्लॉकिंग जोर धरत होतं. ४८६ आणि पेंटियमच्या काळात बसची फ्रीक्वेन्सी आणि गुणक बोर्डावरच्या जम्परांनी ठरायचे. म्हणजे अजूनही सगळं दिसणारं आणि हाताने मागे घेता येणारं. मग तैवानच्या एबिट कंपनीने आपल्या बोर्डांवर 'सॉफ्टमेनू' आणला. जम्पर नाहीत, बायोसच्या स्क्रीनवर बसूनच सगळे आकडे बदला. केवढी सोय! आणि ऑगस्ट १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. गुणक ४.५ला कुलूपबंद, बस ६६ मेगाहर्ट्झ, वेग ३००. पण बस ६६ची १०० केली की ४५० मेगाहर्ट्झ! आणि आश्चर्य म्हणजे यातल्या कितीतरी चिपा या वेगाला बिनतक्रार चालायच्या. १२८ केबीची कॅश चिपमध्येच, पूर्ण वेगाने चालणारी. त्याच महिन्यात आलेला आणि कितीतरी महाग असलेला पेंटियम टू ४५० आणि हा स्वस्तातला सेलेरॉन, बऱ्याच कामांत मांडीला मांडी लावून बसायचे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी पीसी जोडणाऱ्यांची आपल्याकडेही एक पिढी होती, तिला हे नाव वेगळं सांगायला नको.

पण सगळ्याच चिपांचं नशीब तसं नव्हतं. आणि आता तो आकडा जम्परवर नव्हता, सीमॉसमध्ये होता. क्रिस्टल आणि जम्परच्या काळात नसलेला कपाट-चावीचा पेच इथून घरोघर सुरू झाला. त्यातून सुटायचा एकमेव मार्ग म्हणजे सीमॉसची वीज तोडणारा तो शेवटचा उरलेला जम्पर.

त्या जम्परच्या विधीतली प्रत्येक पायरी का आहे तेही सांगतो. पहिलं, भिंतीवरचं बटण बंद करून केबल काढायची. १९९५च्या एटीएक्स रचनेनंतर मशीन बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट पुरवत राहतो, म्हणजे नुसती बॅटरी काढली तरी सीमॉसला वरून वीज मिळू शकते. दुसरं, केबल काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबायचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज रिकामा होतो. तिसरं, टोपी १-२ पिनांवरून २-३ वर, पाच-दहा सेकंद, आणि परत. जम्पर सापडतच नसेल तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं, कारण या मेमरीला इतकी कमी वीज लागते की कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या चार्जवरही ती तग धरते. टोपी परत लावायला विसरून मशीन सुरू करायचं नाही, हेही महत्त्वाचं.

मदरबोर्डवाल्यांनी हा प्रकार ओळखला आणि सोयी वाढत गेल्या. अवॉर्डच्या बायोसमध्ये सुरू करताना इन्सर्ट कळ दाबून धरली की मूळ आकडे लागायचे. मग बोर्डच स्वतः लक्ष ठेवू लागला: ठरावीक वेळात सुरू होणं पूर्ण झालं नाही तर पुढच्या खेपेला सुरक्षित आकडे. 'ओव्हरक्लॉकिंग फेल्ड' असा नम्र निरोप येतो आणि आपण पुन्हा सेटअपमध्ये. पुढे तर महागड्या बोर्डांवर मागच्या बाजूलाच सीमॉस क्लिअरचं बटण आलं, झाकणही काढायला नको.

या सोयीला मर्यादाही होत्या. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ला जगभर जागा झाला तेव्हा त्याने काही मशीनच्या फ्लॅश चिपमधला बायोसच खोडला. तिथे सीमॉस क्लिअर करून उपयोग शून्य, कारण जिकडे परत जायचं ती मूळ जागाच गेली. बोर्डावर बायोसच्या दोन प्रती ठेवायची गिगाबाइटची 'ड्युअल बायोस' ही कल्पना म्हणूनच लोकांना पटली.

दुसरी मर्यादा जास्त अवघड. सेटिंग्जबरोबर बायोसचा पासवर्डही सीमॉसमध्येच असायचा. म्हणजे स्क्रू ड्रायव्हर हातात असलेला कोणीही तो पुसू शकत होता. डेस्कटॉपचं ठीक आहे, पण चोरलेल्या लॅपटॉपचं काय? म्हणून थिंकपॅडसारख्या लॅपटॉपवर सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या, वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्ये ठेवला. बॅटरी काढा, वर्षभर ठेवा, तो तिथेच. विसरलात तर कंपनीचा अधिकृत उपाय म्हणजे बोर्ड बदला. चोरासाठी बंद केलेलं दार मालकालाही बंदच राहतं. आणि इथे खरंच दोन्ही बाजूंना दम आहे, मला यात कोणाला खलनायक करता येत नाही.

मग आलं युईएफआय. आता बहुतेक नव्या बोर्डांवर सेटिंग्ज मुख्यतः फ्लॅश चिपमध्ये राहतात आणि फ्लॅशला बॅटरी लागत नाही. बॅटरी आहे ती प्रामुख्याने घड्याळासाठी. मग जम्पर काय करतो? इंटेलच्या चिपसेटांमध्ये तर तो बऱ्याच आधीपासून थेट काहीच पुसत नाही. जम्परने एक पिन जमिनीला जोडली जाते, त्याने चिपसेटमध्ये एक बिट उभा राहतो, आणि पुढच्या वेळी सुरू होताना बायोसने तो बिट पाहून सेटिंग्ज पुसावीत अशी अपेक्षा असते. म्हणजे पूर्वी आपण वीज तोडायचो आणि मेमरी विसरायची, तिला दुसरा पर्यायच नव्हता. आता आपण अर्ज करतो आणि फर्मवेअर तो मंजूर करतं.

फर्मवेअरच अर्ज वाचायच्या अवस्थेत नसेल तर? २०१३च्या सुरुवातीला सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर लिनक्स सुरू केलं की मशीन कायमचं बंद पडतं, असं समोर आलं. खोलात गेल्यावर कळलं की फ्लॅशमधली ती जागा जास्त भरली की फर्मवेअर उठतच नाही, आणि हे विंडोजवरूनही घडवता येतं. २०१६मध्ये लिनक्सवर सगळ्या फायली पुसणारी एक कमांड युईएफआयच्या सेटिंग्जही पुसून टाकते आणि काही लॅपटॉप त्यानंतर उठत नाहीत, हे गाजलं. मग लिनक्सच्या कर्नलमध्येच त्या सेटिंग्ज सहज पुसता येणार नाहीत अशी व्यवस्था केली गेली. पन्नास बाइटांच्या काळात ताळा न जमणं ही नेहमीची गोष्ट होती आणि तिला उत्तर तयार होतं. इथे ती घडणारच नाही असं धरून फर्मवेअर लिहिलेलं होतं.

आजही सीमॉस क्लिअर करावं लागलं तर जरूर करा, डेस्कटॉपवर ते बहुतेक वेळा चालतंच. फक्त आधी दोन गोष्टी बघा. डिस्क रेडमध्ये असतील तर ते सेटिंग मूळपदावर जाईल आणि विंडोज उठणार नाही, म्हणून ते टिपून ठेवा. आणि काही बोर्डांवर सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग्ज बदलल्यामुळे बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती त्याच मशीनवर साठवलेली असेल तर पुन्हा कपाट आणि चावी!

हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं, आणि ते दुरुस्त करायची साधनं त्याच नेटवर्कवर अवलंबून होती. शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. जगातल्या एका बलाढ्य कंपनीला अखेर झाकणच उघडावं लागलं म्हणा ना.

आपण सगळे आयटीवाले रोज कुठे ना कुठे कॉन्फिगरेशन बदलत असतो, आणि रोलबॅकची सोय आहे असं डिझाइनच्या कागदावर न चुकता लिहितो. त्यावर एक प्रश्न मात्र विचारायला हवा: ते रोलबॅक चालायला जे लागतं, ते या बदलामुळेच बंद पडलं तर? उत्तर 'मग कोणीतरी बघेल' असं असेल, तर आपल्या बोर्डावर ती तीन पिनांची जागा रिकामीच आहे. चाळीस वर्षांपूर्वी ५० बाइटांसाठी कोणीतरी तिचा विचार केला होता. आपल्याकडे तर जागेची टंचाईही नाही.